दस्तगीर तुझ्याच डबीत निघाला

रुद्रा, आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तू गेल्याची खबर मला तुझ्या दुकानाशेजारच्या चहावाल्यानं दिली. कॉलेजच्या लॅबमध्ये मी परीक्षानळ्या विसळत होतो, फोन खांद्यानं कानाला धरलेला. "सुधाकरराव, महारुद्रप्पा गेले हो," तो म्हणाला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तुझ्याबद्दल नव्हतं, महानंदावहिनींबद्दलही नव्हतं. मनात आलं, दस्तगीर सुटला. मग हातातली नळी फुटली, आणि मग रडू आलं. क्रम असाच होता. तुझ्यापासून लपवून करू काय? माझ्या पोटातलं माझ्याआधी तुला कळायचं, आणि त्याचाच तर मला राग होता.

तिसऱ्या कुणी हे वाचलं तर त्याला वाटेल, कोण हा दस्तगीर, आणि काय ही माणसं. त्याच्यासाठी सांगतो, तू जरा गप्प ऐक. सहा वर्षांपूर्वी तुझा भाचा अमेरिकेहून आला होता. तिकडं म्हणे ऑफिसातली माणसं हंगामाच्या आधी एकत्र बसून बेसबॉलच्या कागदी टीमा करतात. खेळाडू खरे, मालक कागदावरचे. खऱ्या सामन्यात खेळाडू जे करील त्याचे गुण त्याच्या कागदी मालकाला. बेसबॉल म्हणजे काय हे त्यानं दोन तास समजावलं, आपल्याला काडीचं कळलं नाही. पण टीमांची गोष्ट तुझ्या डोक्यात बरोबर बसली. "आपुन टेनिस बॉल क्रिकेटचं करू की," तू म्हणालास. "सोयाबीन निघालं की गावोगाव रानात पिचा पडत्यात. लाईव्ह दिसतंय, ॲपवर स्कोर येतोय. आठ जण बसू. मज्जा येईल." धावेला एक गुण, झेलाला दहा, विकेटला वीस. पैसा लावायचा नाही, हे तू पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलंस. बक्षीस काय, तर तुझ्या दुकानातली एक स्टीलची कळशी. भांड्यावर नाव घालायचं तुझं मशीन होतंच, जिंकणाऱ्याचं नाव त्यानंच तिच्यावर घालायचं.

त्या कळशीवर आता सहा नावं आहेत. त्यांत तीन तुझी. मी चार वेळा दुसरा आलोय. दुसऱ्याचं नाव कळशीवर घालत नाहीत, हा नियमही तूच केलास.

दस्तगीरला मी आधी पाहिला. हे तू जिवंत असताना किती वेळा बोललो त्याची मोजदाद नाही, पण आज पुन्हा बोलतो, कारण आज तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. माझी सासुरवाडी किल्लारीची. लातूरहून जायला मी जीपमध्ये बसलो, आणि जीप चालवत होता तो हा दस्तगीर. उंच, सडसडीत, डावखुरा. डाव्या हातानं गिअर टाकायला आपल्याला कधी अवघड गेलं नाही, म्हणून हसायचा. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या घरामागच्या माळावर तोच डाव्या हातानं बॉलिंग टाकताना दिसला. काय यॉर्कर, रुद्रा! समोरच्याच्या पायाच्या नखाला विचारून आत शिरायचा चेंडू. लातूरला आलो आणि तुझ्याबरोबर चहाला उभा राहिलो, आणि मूर्खासारखा सगळं बोलून बसलो. नाव, गाव, जीपचा रंगसुद्धा. तू बशीत चहा ओतून हळूहळू पीत राहिलास. "असं का?" एवढंच म्हणालास.

पुढच्या रविवारी निवडीला बसलो. चिठ्ठ्या काढून पाळी ठरली, तू तिसरा, मी चौथा. तू मांडी घालून, पाठ ताठ करून बसला होतास. तुझी पाळी आली आणि तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "किल्लारी. दस्तगीर."

मी उठून उभा राहिलो. "आरं, मी सांगितलेला गडी हाय तो! लाज न्हाई वाटत?"

"पाहणं येगळं आन् घेणं येगळं, सुध्या," तू म्हणालास. बाकीचे सगळे पोट धरून हसले. मी महिनाभर तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. तू मात्र रोज चहावाल्याच्या हाती माझ्यासाठी चहा पाठवायचास, आणि मी तो प्यायचो, कारण चहानं काय घोडं मारलं होतं?

वर्षाला एकच गडी पुढच्या हंगामासाठी राखून ठेवता येतो. राखीवचं नाव चिठ्ठीवर लिहून, दसऱ्याला सोनं देतानाच, आपट्याच्या पानात गुंडाळून तुझ्या हातात द्यायचं. तू ती चिठ्ठी न वाचता ज्याच्या त्याच्या डबीत टाकायचास. तुझ्या दुकानातल्या त्या फिरकीच्या झाकणाच्या आठ डब्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव. निवडीच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायच्या. तुझ्या डबीतून चार वर्षं एकच नाव निघालं. दर वर्षी डबी उघडताना तू माझ्या तोंडाकडं बघायचास. मला पक्कं ठाऊक आहे, त्या विकेटींपेक्षा माझं तोंडच तुला जास्त आवडायचं.

डब्यांचंही बोलून घेतो. माझ्या डबीवरचं नाव सगळ्यांत वाकडं आहे. तू म्हणायचास, "मशीन नवं होतं, तुझी पहिली डबी, हात बसला नव्हता." आणि दुसऱ्या वर्षी अर्धापूरचा बालाजी आपल्यात आला तेव्हा त्याच्या डबीवर तू केळीचं पान काढलंस. का? तर त्याच्या केळीच्या बागा आहेत म्हणून. मग माझ्या डबीवर एखादी परीक्षानळी काढायला काय झालं होतं? एवढा पन्नाशीचा बाप्या मी, स्टीलवरच्या केळीच्या पानावर जळलो. तुला सांगितलं नाही. आज सांगतोय.

बालाजीवर मी जळायचो याला कारण होतं. माणूस चांगला आहे, तोंडानं गोड, खिशात कायम वेलची. पण तो आल्यापासून तू दर रविवारी संध्याकाळी दुकानाच्या माडीवर जाऊन त्याच्याशी फोनवर बोलायचास. तासतासभर. मी खाली बसलेला असायचो. वरून तुझं हसणं ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना तू हसायचास तेव्हा ते माझ्यावर असायचं, त्याच्याशी बोलताना नुसतं हसायचास. तो फरक मला कळायचा.

आणि मग यंदाच्या उन्हाळ्यापासून तुझं नांदेडला जाणं सुरू झालं. महिन्यातून एकदा, मग दोनदा. "कुठं चाललास?" विचारलं तर, "हितंच, नांदेडला जरा काम हाय." बालाजी तुला स्टँडवर घ्यायला येतो हेही कळलं. माझी खात्रीच पटली. हे दोघं मिळून गडी हुडकतायत. तिकडच्या रानातली नवी पोरं बघून ठेवतायत, आणि मला सुगावा लागू देत नाहीत. मी काय केलं असेल, सांग बरं? मी तुझ्याशी बोलणं तोडलं आणि एकटाच मुरुडला जायला लागलो. पाच रविवार गेलो. तिथं मला परमेश्वर सापडला. आडत बाजारात पोती उचलणारा गडी, मनगटं अशी की पोत्याला जसं उचलतो तसंच चेंडूला उचलतो. मी मनात म्हणालो, आता बघ रुद्रा, तू नांदेडहून काय आणतोस आणि मी मुरुडहून काय आणतो.

तू नांदेडला हृदयाच्या डॉक्टरकडं जात होतास, रुद्रा. आणि मी तुझ्यावर खुन्नस धरून मुरुडला जात होतो.

दसऱ्याला तुझ्या दारात आलो, पण चेहरा पाडूनच. तू उठून उभा राहिलास, जरा दम लागल्यासारखा. मला वाटलं, वय झालं. मी चिठ्ठी गुंडाळलेलं पान तुझ्या हातावर ठेवलं आणि म्हणालो, "घे सोनं. आन् सोड आता दस्तगीरला, लई झालं." तू माझा हात जरा जास्त वेळ धरलास. "डबी उघडल्यावर बघ की," म्हणालास. मी हात सोडवून घेतला. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. पुढच्या आठवड्यात तू गेलास.

मी तुझ्या घरी पोचलो तेव्हा तुला विभूती लावून बसवलं होतं. मांडी घातलेली, पाठ ताठ, गळ्यात हार, ओठ मिटलेले. थेट निवडीला बसायचास तसा. मला वाटलं आता डोळे उघडशील आणि माझ्याच गड्याचं नाव घेशील. आणि तुझ्या शेजारी कोण बसला होता? बालाजी. अर्धापूरहून लातूर म्हणजे तीन तासांची वाट, मी दोन गल्ल्यांवर राहतो, आणि तो माझ्या आधी येऊन बसला होता. वहिनींनी त्याला आधी फोन केला होता. तो रडत होता, मोठ्यानं, अगदी सख्ख्या भावासारखा, आणि लोक त्याला पाणी देत होते. मला कुणी पाणी दिलं नाही. खरं सांगू? त्या घडीला मला तू गेल्याचं दुःख कमी होतं आणि तो माझ्यापेक्षा मोठ्यानं रडतोय याचा जळफळाट जास्त होता. तुला माती देऊन परत येताना त्याच्याच तोंडून मला कळलं, डॉक्टर, गोळ्या, नांदेड, सगळं. मी पावलं उचलून पुढं निघालो. बोललो असतो तर हात उचलला असता.

वहिनींकडं मी नंतर दर दोन दिवसांनी जात राहिलो. त्या चहा ठेवायच्या, मी कप हातात घेऊन बसायचो. भिंतीवर तुझा फोटो, नवाच फ्रेम केलेला. गप्प बसवेना म्हणून काहीबाही बोलायचो. माझ्या पोरीच्या लग्नातली भांडी आठवली. तीन दिवस बसून एकेका वाटीवर, एकेका पेल्यावर तू तिचं नाव घातलं होतंस, आणि मी तुला काय म्हणालो होतो? "अक्षर जरा सरळ काढ." आभार मानले नाहीत. पोरगी आजही त्या पेल्यांतून पाहुण्यांना पाणी देते. वहिनींना हे सांगून मी डोळे पुसले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी. दुसरं कायतरी बोला." मग दुसरं काय बोललो असेन मी? आपल्याला दुसरं येतंच काय?

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निवड ठेवायची की नाही, यावर फोनाफोनी झाली. वहिनीच म्हणाल्या, "ठेवा. ह्यांच्या माडीवरच ठेवा. डब्या तशाच हायत, मी हात लावला न्हाई." सकाळी दहाला आम्ही सातजण जमलो. तुझी जागा मोकळी ठेवली. जिन्यातच मी बालाजीला गाठलं. इतके दिवस जे गिळलं होतं ते बाहेर आलं.

"मला कामून न्हाई सांगितलं?" मी म्हणालो. "चाळीस वर्षांचा दोस्त हाय मी त्याचा. तू कोण? चार दिवसांचा!"

बालाजी खिशातली वेलची काढून हातात चोळत राहिला. "त्यानंच शपथ घातलती," तो म्हणाला. "मी लई म्हनलं, सुधाकररावाला सांग, तो कामून बेजार करून राहिला तुला, कळल्यावर गप बसंल. तर म्हनला, त्येच नको. त्याला कळलं तर तो माझ्याशी भांडायचा न्हाई. समदे आता माझ्याशी मऊ बोलून राहिले बालाजी, बायको, पोरगी, तूबी. एक सुध्याच ऱ्हायलाय."

मी जिन्यातच बसलो. बालाजीनं वेलची माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. आणि तुला म्हणून सांगतो, त्या क्षणीसुद्धा मनाच्या कोपऱ्यात मी जळत होतो, की तुझं हे बोलणं माझ्याआधी त्याला ऐकायला मिळालं.

वर डब्या मांडल्या. एकेक उघडत गेले. माझी वाकडी डबी, बालाजीची केळीच्या पानाची. शेवटी तुझी राहिली. सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगतो, जिन्यातलं ऐकल्यावर माझी आशा वाढली होती. वाटलं, हात धरला होता, डबी उघडल्यावर बघ म्हणाला होता, म्हणजे नक्की सोडला असणार. जाता जाता मित्राला देऊन गेला असणार. डबी मीच उघडली. आपट्याचं पान वाळून कडक झालं होतं. आत तुझ्या त्या फताड्या अक्षरात लिहिलं होतं, "दस्तगीर. किल्लारी."

च्यायला! मरता मरतासुद्धा?

कुणीतरी नाक ओढलं, कुणीतरी हसलं. मग आपल्यातला सगळ्यांत थोरला माणूस म्हणाला, "आता टीमच न्हाई तर राखीव कुठला? सुधाकर, तू घे दस्तगीरला. आमची कुणाची ना न्हाई. लई वर्षं थांबलास." सगळ्यांनी माना हलवल्या. मऊ आवाजात. तुला ज्याचा कंटाळा आला होता तोच आवाज, आता माझ्यासाठी.

मी ताडकन उठलो. "का म्हणून?" मी म्हणालो. "नियम म्हंजे नियम. त्यानं दसऱ्याला चिठ्ठी दिलीय. राखीव म्हंजे राखीव. त्याची टीम यंदा खेळणार. आन् मी त्याला हरवणार. भीक नको मला." एवढं ओरडलो की खालून वहिनी वर आल्या, हातात चहाचा ट्रे. त्याची टीम खेळणार ते ठीक, पण बाकीचे दहा गडी निवडायचे कुणी? मी तोंड उघडणार होतो की मी निवडतो, तेवढ्यात बालाजीनंही तोंड उघडलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.

वहिनींनी ट्रे ठेवला आणि तुझ्या जागेवर जाऊन बसल्या. पदर सारखा केला. "मी निवडते की," म्हणाल्या. "सहा हिवाळे घरात तेच ऐकलंय."

कळशीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी तुझ्या टीमची निघाली, दुसरी माझी. मी वहीत "परमेश्वर, मुरुड" लिहून ठेवलंच होतं. म्हटलं, बाईमाणूस, पहिली पाळी, घेतील एखादा नावाजलेला गडी.

वहिनींनी जरा वर बघितलं, जसं हिशेब आठवतात तसं. मग म्हणाल्या, "मुरुड. परमेश्वर. तो पोती उचलणारा."

तेव्हा आठवलं. तो भांड्यांचा दिवस. दुसरं कायतरी बोला म्हणाल्या होत्या, आणि मी तासभर परमेश्वरच बोललो होतो, मनगटं, पोती, षटकार, सगळं. पुन्हा चहाबरोबर तोंड उघडून बसलो होतो, आणि तेही तुझ्याच घरात!

"वहिनी, अहो, मी सांगितलेला गडी हाय तो," मी कसंबसं म्हणालो.

"पाहणं येगळं आन् घेणं येगळं, भावजी," त्या म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठाला हसू आलं. माडी हसली, बालाजी डोळे पुसत हसला. मी हसलो नाही. मी वही आपटली. तू असतास तर त्या आपटण्यावर खूश झाला असतास.

काल हंगामातला पहिला सामना झाला. गुण लिहायचं काम नेहमीप्रमाणं माझ्याकडं, माझं अक्षर सरळ म्हणून. मोबाईलवर सगळा सामना बघितला. दस्तगीरनं तीन विकेटी काढल्या. तोच यॉर्कर, पायाच्या नखाला विचारून शिरणारा. प्रत्येक विकेटीला मी तुला शिव्या घालत होतो, आणि प्रत्येक विकेटीला मी तुझ्या पानावर वीस लिहीत होतो. साठ झाले. ते सगळ्यांना पाठवले.

अर्ध्या तासानं वहिनींचा फोन आला. "भावजी, साठच कसे? त्यानं लाँगऑफला झेलबी घेतलाय की. दहा कुठायत?"

"राहिले वाटतं," मी म्हणालो.

राहिले नव्हते, रुद्रा. झेल मी डोळ्यांनी बघितला होता. पेन उचललं होतं आणि खाली ठेवलं होतं. म्हटलं, कोण बघतंय, मेलेल्या माणसाचे दहा गुण. मग वही पुन्हा उघडली, साठ खोडले आणि सत्तर लिहिले, आणि लिहिता लिहिता बालाजीनं जिन्यात सांगितलेलं तुझं ते बोलणं आठवून मला एवढं रडू आलं की अक्षर वाकडं झालं. कळलं तर सुध्या माझ्याशी भांडायचा नाही, म्हणालास ना? चाळीस वर्षांत मला ओळखायला तू एवढाच एकदा चुकलास.